लकी डुबेची गाणी अजून का वाजतात?

साधारण १९९२ सालची गोष्ट असेल. आमचे एक स्नेही नोकरीनिमित्त नैरोबीला होते. दर दोन वर्षांनी सुटीवर आले की केनियाची कॉफी, लाकडी जिराफ, मुलांसाठी मण्यांच्या माळा असं काहीबाही आणत. त्या खेपेला त्यांनी एक कॅसेट आणली होती. तिकडच्या ‘मटाटू’त, म्हणजे आपल्या वडापसारख्या माणसं कोंबून धावणाऱ्या गाड्यांमध्ये, हीच गाणी दिवसभर वाजतात, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला वाचता यावं म्हणून त्यांनी कव्हरवर देवनागरीत नाव लिहून दिलं होतं : लकी डुबे.

माझ्या वडिलांनी चष्मा कपाळावर चढवून ते नाव वाचलं आणि विचारलं, ‘‘डुबे? हा कानपूरकडचा की बनारसचा?’’

घरभर हशा पिकला. डुबे हे झुलू लोकांतलं आडनाव आणि त्या भाषेत त्याचा अर्थ झेब्रा, हे स्नेह्यांनी सांगितलं. मग टेपरेकॉर्डर लावला. वडिलांचं इंग्रजी बेताचंच. पण एका गाण्यापाशी ते थांबले. ‘‘हा पोरगा काय म्हणतोय?’’ त्यांनी विचारलं. मी अर्थ सांगितला. शहरात पोटासाठी गेलेला आणि परत न आलेला बाप. त्याने तिकडे दुसरं लग्न केल्याचं ऐकून हाय खाऊन गेलेली आई. आणि सोवेटोच्या रस्त्यांवर एकटा भटकणारा मुलगा. ‘मला विसरू नका’ एवढंच तो बापाला विनवतो आहे. वडील काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘पुन्हा लाव.’’ माझे आजोबाही गिरणीत कामाला म्हणून मुंबईला गेले होते आणि वर्षातून एकदा, गणपतीला, गावी येत असत, हे मला नंतर आठवलं.

१९८९ च्या ‘प्रिझनर’ या ध्वनिमुद्रिकेतलं ‘रिमेंबर मी’ हे ते गाणं. आज कॅसेटही गेली आणि टेपरेकॉर्डरही गेला. गाणारा तर २००७ सालीच गेला. तरी नैरोबी-कंपालापासून पापुआ न्यू गिनीपर्यंत आणि ऑस्ट्रेलियाच्या आदिवासी वस्त्यांपर्यंत ही गाणी ऐकली जातात. जॅझ असो, रॉक असो, परदेशी गाण्यांच्या लाटा येतात आणि जातात. मग या माणसाच्या गाण्यांत असं काय आहे, की ती जुनी होत नाहीत? आणि ती इतकी आवडत असतील, तर त्यांनी जे सांगितलं ते त्याच्याच देशाने किती ऐकलं? या दुसऱ्या प्रश्नाने मला गेली काही वर्षं स्वस्थ बसू दिलेलं नाही.

नशीबवान नावाचा मुलगा

लकी फिलिप डुबेचा जन्म ३ ऑगस्ट १९६४ चा. गाव एर्मेलो, तेव्हाच्या ट्रान्सवाल प्रांताच्या पूर्व भागात. आधीची मुलं पोटातच गेली होती. हा जगला म्हणून आईने नाव ठेवलं ‘लकी’. आपल्याकडे अशा मुलाला दगडू-धोंडू म्हणत. नियतीची दृष्ट लागू नये म्हणून. तिथल्या आईने सरळ नशीबवानच म्हणून टाकलं. पण नशीब तसं बेतासबातच. आई-बाप त्याच्या जन्माआधीच विभक्त झाले होते. आईला कामासाठी दूर जावं लागलं आणि मुलं आजीपाशी वाढली.

हे एका घराचं दुर्दैव नव्हतं, ही व्यवस्था होती. वर्णभेदी राजवटीत काळ्या माणसाला शहरात राहायला परवाना लागे. खाणींना आणि गोऱ्यांच्या घरांना त्याची मेहनत हवी होती, त्याचं कुटुंब नको होतं. त्यामुळे बाप खाणीच्या कामगार-वसतिगृहात, आई कुणाच्या तरी स्वयंपाकघरात आणि मुलं आजीपाशी, अशी लाखो घरं तुकड्या-तुकड्यांनी जगत होती. ‘रिमेंबर मी’मधला मुलगा अशा घरांचा प्रतिनिधी आहे.

लकीने लहानपणी बागकाम केलं. मग त्याला शाळेच्या ग्रंथालयात मदतनीसाचं काम मिळालं. तिथल्या ज्ञानकोशांत त्याला जमैकातल्या ‘रास्ताफारी’ पंथाची पहिली ओळख झाली. शाळेतच मित्रांबरोबर त्याने वाद्यवृंद काढला. पुढे नात्यातल्या रिचर्ड सिलुमा यांच्या साथीने तो ‘म्बकांगा’ गाऊ लागला. म्बकांगा हे काळ्यांच्या वस्त्यांमधलं नाचरं, लोकप्रिय संगीत. हा शब्द मुळात मक्याच्या रोजच्या जाडसर लापशीचा. म्हणजे आपल्या भाषेत, झुणका-भाकर संगीत! झुलू भाषेतल्या त्याच्या या ध्वनिमुद्रिका तीसेक हजारांच्या घरात खपत. चाललं होतं ते बरं चाललं होतं.

समेवर रिकामी जागा

हे बरं चाललेलं सोडून तो रेगेकडे का वळला, हे समजायला रेगे म्हणजे काय ते थोडं पाहावं लागेल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जमैकात हे संगीत जन्मलं आणि बॉब मार्ली, पीटर टॉश यांनी ते जगभर नेलं. ऐकायला सोपं वाटतं, पण त्याची चाल गमतीची आहे. आपल्या संगीतात समेला केवढा मान! गवई समेवर येतो तेव्हा सगळी बैठक मान डोलावते. रेगेच्या एका प्रमुख ठेक्यात ही समच मोकळी सोडलेली असते. ड्रमचा भरीव ठोका पडतो तो तिसऱ्या मात्रेवर. गिटारचा छोटासा, तुटक झणत्कार येतो तोही दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. खालून बास गिटार संथपणे पावलं टाकत असते. जिथे ठोका अपेक्षित आहे तिथे शांतता, आणि जिथे अपेक्षित नाही तिथे ठोका. त्यामुळे गाणं धावत नाही, झुलतं. आणि त्या झुलण्यात शब्दांना भरपूर जागा मिळते.

शब्दांना जागा हवी होती, हेच खरं कारण. दक्षिण आफ्रिकेत सरकारी नभोवाणीने एकेका भाषेसाठी वेगळी केंद्रं काढली होती. झुलूंनी झुलू ऐकावं, सोथोंनी सोथो ऐकावं आणि एकमेकांशी बोलू नये, अशी त्यामागची सोय. इंग्रजीतलं रेगे या सगळ्या कुंपणांवरून पलीकडे जाऊ शकत होतं. शिवाय सगळ्या आफ्रिकेला ते आपलं वाटत होतं. एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाला त्या रात्री स्वातंत्र्यसोहळ्यात स्वतः बॉब मार्ली गायला होता, ही आठवण ताजी होती.

१९८४ साली लकीने ‘रास्ताज नेव्हर डाय’ ही छोटी रेगे ध्वनिमुद्रिका काढली. ती जेमतेम चार हजार खपली आणि राजवटीने तिच्यावर बंदी घातली. दुसरा एखादा मुकाट्याने झुणका-भाकरीकडे परतला असता. लकीने दुसऱ्याच वर्षी ‘थिंक अबाउट द चिल्ड्रन’ आणली आणि ती तुफान चालली. मग १९८७ ची ‘स्लेव्ह’ लाखांनी खपली. १९८८ ची ‘टुगेदर ॲज वन’, १९८९ ची ‘प्रिझनर’, १९९१ ची ‘हाउस ऑफ एक्झाइल’ आणि १९९३ ची ‘व्हिक्टिम्स’ ही सगळी त्या सहा-सात वर्षांतली कमाई. १९९१ मध्ये तो रेगेच्या माहेरी, जमैकातल्या ‘सनस्प्लॅश’ महोत्सवात गायला आणि तिथल्या चोखंदळ श्रोत्यांनी त्याला परत परत बोलावलं. आपल्या भाषेत, इंद्रायणीकाठी जाऊन परक्याने अभंग गावा आणि वारकऱ्यांनी मान डोलवावी, तसं हे.

घरातलं बोलणारा बंडखोर

तर मग, ही गाणी का टिकली? माझ्या मते पहिलं कारण असं, की हा माणूस राजकारण घराच्या उंबरठ्यावर आणून बोलतो. ‘स्लेव्ह’ हे नाव वाचून आपण वाट पाहतो ती साखळदंडांची. गाणं निघतं दारूच्या गुलामीत सापडलेल्या, सुटू पाहणाऱ्या आणि सुटता न येणाऱ्या माणसाचं. वरवर हा व्यसनमुक्तीचा बोध. पण तिथला इतिहास माहीत असलेला श्रोता दचकतो. केपच्या द्राक्षमळ्यांत मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपाने देण्याची पद्धत पिढ्यान् पिढ्या चालली. काळ्यांच्या वस्त्यांत ज्वारीची बिअर विकण्याचा मक्ता नगरपालिकांनी स्वतःकडे ठेवला होता आणि त्या नफ्यावर त्याच वस्त्यांवरची हुकूमत पोसली जात होती. म्हणून तर १९७६ च्या सोवेटो उठावात शाळकरी मुलांनी हे सरकारी गुत्ते जाळले. दारूचा गुलाम हा दोन मालकांचा गुलाम होता. आपल्याकडे ‘आडव्या बाटली’ला मत द्यायला रांगा लावणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

‘प्रिझनर’मध्ये तो शाळा-दवाखान्यांऐवजी तुरुंगच का बांधले जातात, असं विचारतो. ‘इट्स नॉट ईझी’ हे तर मोडलेल्या संसाराचं गाणं. आईच्या आनंदात झालेलं लग्न आणि नंतर त्याच आईला घटस्फोटाची बातमी देण्याची वेळ! लढ्याची गाणी गाणाऱ्याने हे कशाला गायचं, असं कुणी म्हणेल. पण मला वाटतं, यामुळेच लढ्याच्या गाण्यांवर लोकांचा विश्वास बसला. जो माझ्या घरातलं दुःख खरं सांगतो, तो देशाबद्दलही खोटं सांगणार नाही, अशी श्रोत्याची साधी समजूत असते.

दुसरं कारण त्याच्या उच्चारांचं. त्याचं इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाचं, सावकाश आणि स्वच्छ. जमैकन गायकांची बोली कळायला अवघड. लकीचा शब्दन् शब्द कळतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, त्या साऱ्या जगाला हा गायक आपला वाटला तो म्हणूनच. मागे साथीला बायकांचे भरदार आवाज, तेही म्बकांगाच्या वळणाचे. रेगे जमैकाचं, पण आतला जीव आफ्रिकेचा.

आणि तिसरं कारण आईबापांना आवडेल असं. रास्ता म्हटलं की जटा आणि गांजा, असं समीकरण. लकीच्या जटा होत्या, गांजा नव्हता. दारू-सिगारेटलाही तो शिवत नसे, आणि अमली पदार्थांविरुद्ध त्याने गाणंही केलं. घरात सर्वांसमोर लावायला संकोच वाटत नाही असा हा बंडखोर!

स्वातंत्र्यानंतरही न थांबलेला

११ फेब्रुवारी १९९० ला नेल्सन मंडेला तुरुंगाबाहेर आले. माणसांना रंगानुसार वस्त्यांत डांबणारा १९५० चा ‘ग्रूप एरियाज’ कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. लकीने त्याच वर्षी त्या नावाचं गाणंच केलं. एप्रिल १९९४ मध्ये काळ्या माणसाने पहिल्यांदा मत टाकलं. लढ्याच्या अनेक कलावंतांची अशा वेळी पंचाईत होते. शत्रू गेला, आता गायचं काय? काही गप्प होतात, काही नव्या राज्यकर्त्यांच्या पंगतीला बसतात. आपल्यालाही १९४७ नंतरची अशी उदाहरणं आठवतील.

लकी थांबला नाही. १९९७ च्या ‘टॅक्समन’मध्ये त्याने सामान्य करदात्याच्या तोंडून विचारलं, की माझ्या पैशाचं मला काय मिळालं? १९९९ च्या ‘द वे इट इज’मध्ये ‘क्राइम अँड करप्शन’ हे गाणं आलं. घराबाहेर पडलेलं माणूस धड परत येईल की नाही, या धास्तीचं हे गाणं. आणि ही धास्ती सत्ताधाऱ्यांना का शिवत नाही, हा त्यातला सवाल. त्या काळात दक्षिण आफ्रिकेत रोज सरासरी साठहून अधिक खून होत होते. राज्यकर्ते गुन्हेगारीची चर्चा टाळत होते, कारण ती चर्चा म्हणजे नव्या राजवटीची बदनामी असं त्यांना वाटे. लकीला तसं वाटलं नाही. आपल्या माणसांचं राज्य आलं म्हणून आपल्या माणसांना प्रश्न विचारायचे नाहीत, हे त्याला मान्य नव्हतं.

रोझेटनव्हिलची ती रात्र

१८ ऑक्टोबर २००७. लकी आपल्या दोन मुलांना जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल भागात नातेवाइकाच्या घरी सोडायला गेला होता. मुलं गाडीतून उतरली आणि गाडी पळवायला आलेल्या तरुणांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. जागच्या जागी तो गेला. वय अवघं त्रेचाळीस. दोनच दिवसांनी पॅरिसमध्ये त्याच्या देशाने रग्बीचा विश्वचषक जिंकला. एकाच आठवड्यात त्या देशाने रस्त्यावर उतरून नाचही केला आणि रडूनही घेतलं. न्यूकॅसलजवळ आपल्या शेतावर लकी विसावला. योगायोग असा, की त्याचं दैवत असलेला पीटर टॉशही वीस वर्षांपूर्वी, सप्टेंबर १९८७ मध्ये, किंग्स्टनच्या घरी लुटारूंच्याच गोळ्यांनी मेला होता.

२००९ मध्ये तिघांना जन्मठेप झाली. त्या खटल्यात एक गोष्ट पुढे आली. मारेकऱ्यांनी लकी डुबेला ओळखलंच नव्हतं. गाडीतला माणूस नायजेरियन असावा, असा त्यांचा समज झाला होता!

मी हे वाचलं आणि कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो. म्हणजे काय? लकी डुबे आहे हे कळलं असतं तर सोडलं असतं? आणि खरोखरच एखादा नायजेरियन बाप आपल्या मुलांना सोडायला आला असता, तर तो गुन्हा थोडा हलका ठरला असता? ज्याने आयुष्यभर ‘आपण सारे एक’ म्हणून गायलं, नायजेरियातही ज्याचे अमाप चाहते होते, तो आपल्याच शहरात परका समजून मारला गेला.

हा एका रात्रीचा गैरसमज असता तर गोष्ट वेगळी. पण सातच महिन्यांनी, मे २००८ मध्ये, जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा वस्तीत परदेशी मजुरांवर हल्ले सुरू झाले आणि देशभर पसरले. ६२ माणसं मेली. त्यांतले २१ जण दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक होते! परका शोधायला निघालेल्या जमावाला परका नीट ओळखताही येत नाही. कातडीची छटा, उच्चार, आडनाव, एवढ्यावर फैसला होतो. २०१५ मध्ये डर्बनमध्ये तेच झालं. २०१९ मध्ये पुन्हा जोहान्सबर्गमध्ये दुकानं जळाली, नायजेरियाने आपली माणसं विमानाने परत नेली आणि तिवा सॅव्हेज या नायजेरियन गायिकेने जोहान्सबर्गमधला आपला कार्यक्रम रद्द केला. २०२१ मध्ये सोवेटोत ‘ऑपरेशन दुदुला’ ही चळवळ उभी राहिली. दुदुला म्हणजे झुलूत ‘हुसकावून लावा’. सरकारी दवाखान्यांच्या दाराशी उभं राहून ओळखपत्रं तपासण्यापर्यंत तिच्या कार्यकर्त्यांची मजल गेली. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये जोहान्सबर्गच्या उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की असं कुणाचं ओळखपत्र मागण्याचा खासगी माणसांना अधिकार नाही.

यामागे बेकारी आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या देशात कामाच्या शोधातल्या दर तिघांतला साधारण एक रिकामा बसतो, तिथे शेजारच्या टपरीवाल्याचा राग येणं समजू शकतं. पण ती टपरी जाळून नोकऱ्या निर्माण झाल्या, असं जगात कुठे घडलेलं नाही. पूर्वी परवाना मागणारा पोलीस गोरा होता. आता ओळखपत्र मागणारा काळा आहे आणि ज्याला मागितलं जातं तोही काळाच. परवान्यांच्या त्या पद्धतीने बाप हिरावलेल्या मुलाचं गाणं ज्या सोवेटोतलं, त्याच सोवेटोतून हे निघावं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मग गाण्याने साधलं काय?

तर मग ही गाणी वाया गेली का? मला तसं वाटत नाही. गाणं गोळी अडवू शकत नाही, ते त्याचं काम नाही. गाणं एवढंच करतं, की प्रश्न विझू देत नाही. लकीची मुलगी न्कुली डुबे आज रेगे गाते. मोर्चे काढणाऱ्यांच्या देशात या मोर्चांविरुद्ध उभे राहणारेही आहेत. न्यायालयात गेलेली माणसं त्याच मातीतली. गाण्याची आणि माणसाची कसोटी सारखीच. टाळ्या वाजवताना सगळेच एक असतात, काम आणि जागा अपुरी पडायला लागली की कोण कुणाला धरून राहतो, ते खरं.

आणि ही कसोटी फक्त त्यांचीच आहे, असं म्हणून आपण हात झटकायचं कारण नाही. त्याच २००८ साली आपल्या मुंबईत रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेकडच्या पोरांना परीक्षा केंद्रांवर मार खावा लागला होता. त्यांच्यात एखादा दुबे असेलही.

वडिलांचा तो प्रश्न, ‘‘डुबे? हा कानपूरचा की बनारसचा?’’ आम्ही वर्षानुवर्षं हसण्यावारी नेला. त्यात वाईट काहीच नव्हतं. नाव ऐकलं की गाव विचारायचं, ही आपली रीतच. पण त्यांच्याबद्दल मला बरं वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. आडनाव विचारून ते थांबले नाहीत. त्यांनी गाणं ऐकलं, अर्थ विचारला आणि म्हणाले, ‘‘पुन्हा लाव.’’